‘मायनस मायनस प्लस’ म्हणण्याआधी



पालकसभेत गणिताची तक्रार इयत्तेप्रमाणे बदलत जाते. चौथीपर्यंत ‘पाढे पाठ होत नाहीत’, पाचवीत ‘अपूर्णांक डोक्यात शिरत नाहीत’, आणि सहावीला पूर्णांक संख्यांचा धडा झाला की हमखास एक वाक्य कानावर येतं, “बाई, आमच्या पोराला सगळं येतं हो, फक्त चिन्हात चुकतो.” सांगणाऱ्याचा सूर असा, की आमटी झकास झाली आहे, मीठ तेवढं राहिलंय.

मला हे पटत नाही. सातच्या जागी उणे सात लिहिलं तर उत्तर चौदा घरं लांब जाऊन पडतं. सातच्या जागी आठ लिहिणारा मुलगा त्याच्यापेक्षा उत्तराच्या कितीतरी जवळ असतो, पण त्याला आपण ‘कच्चा’ म्हणतो आणि चिन्ह चुकवणाऱ्याला ‘धांदरट’. बहुतेक वेळा ती धांदल नसतेच. त्या मुलाच्या मनात चिन्हाला अर्थच नसतो. संख्येच्या पुढे एक आडवी रेघ आहे, तिचं काहीतरी करायचं असतं, आणि काय करायचं ते कुणीतरी पाठ करून दिलेलं असतं. त्या पाठांतराबद्दलच आज थोडं बोलायचं आहे.

सहावीच्या कुठल्याही वर्गातली वही उघडा. ही तीन गणितं मागेपुढे सापडतातच:

−३ − ४ = ७
६ − (−२) = ४
−८ + ५ = −१३

पहिल्या उत्तराबद्दल विचारलं की मूल बिनधास्त सांगतं, “मायनस मायनस प्लस.” दुसऱ्यात त्याने कंस पाहिलाच नाही, सहातून दोन गेले चार, झालं. तिसऱ्यात आठ आणि पाच तेरा केले आणि ‘मोठ्या संख्येचं चिन्ह द्यायचं’ हा अर्धवट आठवलेला नियम वर चिकटवला. गंमत बघा, पहिल्या गणितात जो मंत्र लागू नव्हता तो वापरला, आणि दुसऱ्यात तो खरोखर कामाचा होता तिथे आठवलाच नाही. नियम दोन्ही माहीत, पण कुठला कुठे हे ठरवायला आधार काहीच नाही.

‘मायनस मायनस प्लस’ हे तीन शब्द शाळेतून कमी आणि घरून जास्त येतात, असा माझा अनुभव आहे. मूल रात्री अडतं. आई किंवा बाबा मदतीला बसतात. शाळा सुटून त्यांना वीस-पंचवीस वर्षं झालेली असतात, धड्यातलं बाकी सगळं वाहून गेलेलं असतं, पण ही यमक जुळल्यासारखी ओळ मेंदूत घट्ट असते. ती मुलाच्या हाती दिली जाते. गृहपाठ त्या रात्री उरकतो आणि पुढे सातवी-आठवीपर्यंत निस्तरावा लागतो. कारण ती ओळ पूर्ण नाही. दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन येतो, हे खरं. ऋण संख्या वजा केली तर बेरीज केल्यासारखं होतं, हेही खरं. पण दोन ऋण संख्या एकत्र आल्या तर उत्तर ऋणच राहतं. तीन शब्दांत या तिन्ही गोष्टी मावत नाहीत, आणि मूल त्यातली कुठलीही एक कुठेही लावतं.

मुलं इथे अडखळतात यात कमीपणा मात्र काही नाही. या संख्यांनी भल्याभल्यांना घाम फोडला आहे. आपल्याकडे ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धांत’ लिहिला. तेव्हा तो तीस वर्षांचा होता, राहणारा भिल्लमालचा, म्हणजे आजच्या राजस्थानातल्या भिनमाळचा. त्या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरजेचे, वजाबाकीचे, गुणाकाराचे नियम ओळीने दिले आहेत: दोन ऋणांची बेरीज ऋण, धन आणि तेवढंच ऋण मिळून शून्य, ऋण गुणिले ऋण धन. तुमच्या मुलाच्या पुस्तकात आज आहेत तेच हे नियम. चीनमध्ये तर त्याच्याही आधी काड्या मांडून हिशेब करत, धनासाठी तांबड्या आणि ऋणासाठी काळ्या. आणि युरोपात? ब्रह्मगुप्तानंतर अकराशे वर्षांनी, १७५८ साली, केंब्रिजमध्ये शिकलेला फ्रान्सिस मासेरेस नावाचा गृहस्थ एक अख्खं पुस्तक लिहून सांगत होता की शून्यापेक्षा लहान संख्या ही कल्पनाच घोटाळ्याची आहे, बीजगणितातून तिचा वापर काढून टाकावा. शिकल्यासवरलेल्या माणसाला जे पचलं नाही, ते अकरा वर्षांच्या पोराने दोन आठवड्यांच्या धड्यात पचवावं असा आपला आग्रह असतो. त्याने थोडा वेळ मागितला तर द्यावा.

वेळ द्यायचा म्हणजे काय करायचं? पहिली गोष्ट, या संख्या मुलाच्या रोजच्या पाहण्यात आहेत हे त्याच्या लक्षात आणून द्यायचं. शिकवायचं नाही, फक्त विचारायचं. नव्या सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये तळमजल्याच्या खाली पार्किंगचे मजले असतात. काही ठिकाणी त्यांच्या बटणांवर −१, −२ असंच लिहिलेलं असतं. तिसऱ्या मजल्यावरून पाच मजले खाली गेलो तर कुठे? मुलं उत्तर देतात, आणि ३ − ५ हे गणित आपण केलं हे त्यांना कळतही नाही. (आपला तळमजला शून्य आणि त्याच्या वरचा पहिला, म्हणून हे जमतं. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात. तिथे राहणाऱ्या तुमच्या भाच्याला हे उदाहरण दिलंत तर शून्य मजला कुठे गेला ते शोधत बसावं लागेल.) हिवाळ्यात बातम्यांमध्ये लेहचं तापमान उणे दहा, उणे बारा सांगतात. घरातल्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यावर आकडा दिसत असेल तर तो बहुधा −१८ असतो. आयपीएलच्या गुणतक्त्यातला नेट रनरेट तर मुलांना तोंडपाठ असतो. दोन संघांचे गुण सारखे, एकाचा रनरेट −०.२ आणि दुसऱ्याचा −०.९, वर कोण? कुठलाही क्रिकेटवेडा मुलगा क्षणात सांगेल, −०.२ वाला वर. मग त्यालाच विचारा, −२ आणि −९ यांत मोठी संख्या कोणती? इथे मात्र ‘नऊ’ म्हणण्याचा मोह होतो, कारण नऊ हा आकडा मोठा दिसतो. त्या वेळी फक्त एवढंच म्हणायचं, “रनरेट आठव.” त्यापुढे काही बोलू नका.

लहान-मोठेपणाचा हा मुद्दा पक्का होईपर्यंत बेरीज-वजाबाकीला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पुस्तकात त्याला जेमतेम एखादं पान मिळतं आणि वर्गात एखादी तासिका. घरी तुम्ही आठवडाभर जाता-येता विचारू शकता. उणे बावीस जास्त थंड की उणे अठरा? मग मोठी संख्या कुठली? ‘जास्त थंड’ आणि ‘लहान संख्या’ या दोन गोष्टी मुलाच्या डोक्यात एका जागी आल्या की संख्यारेषा आपोआप उभी राहते: उजवीकडे जावं तसं मोठं, डावीकडे जावं तसं लहान, शून्याच्या पलीकडेही हाच कायदा.

दुसरी गोष्ट वाचण्याची. ३ − (−२) यात आडव्या रेघा दोन आहेत, पण त्यांची कामं वेगळी. पहिली रेघ क्रिया सांगते: काढून घे. दुसरी रेघ संख्या कुठल्या बाजूची आहे ते सांगते. मुलं दोन्हींना ‘मायनस’ म्हणतात, सेमी इंग्रजीची तर नक्कीच, आणि मग ‘तीन मायनस मायनस दोन’ असं वाक्य तयार होतं, ज्यातून कुणालाच काही बोध होत नाही. घरात मोठ्याने वाचताना ‘तीन वजा ऋण दोन’ म्हणा. वजा ही क्रिया, ऋण ही संख्या. इंग्रजी माध्यमाची मुलं असतील तर ‘मायनस’ आणि ‘निगेटिव्ह’. सायंटिफिक कॅलक्युलेटर बनवणाऱ्यांनाही हा फरक महत्त्वाचा वाटला, म्हणून त्यावर वजाबाकीची कळ वेगळी आणि ऋण चिन्हाची वेगळी असते. आठवडाभर असं वाचलं की कंसातलं चिन्ह ‘न दिसणं’ बरंच कमी होतं. वरचं दुसरं गणित, सहातून ऋण दोन काढायचं ते, बहुतेक वेळा इथेच सुटायला लागतं.

आता मुख्य काम. यासाठी स्वयंपाकघरातून एक वाटी पांढरे वाल आणि एक वाटी चिंचोके घ्या. वाल म्हणजे धन एक, चिंचोका म्हणजे ऋण एक. नियम एकच: एक वाल आणि एक चिंचोका यांची जोडी जमली की दोघं बाद, किंमत शून्य. बाकी काहीही सांगायचं नाही. ताटात मांडायचं आणि बघायचं.

सुरुवात बेरजेने करा. −८ + ५. ताटात आठ चिंचोके ठेवले, पाच वाल टाकले. मूल स्वतःच जोड्या लावून बाजूला करायला लागतं. पाच जोड्या गेल्या, तीन चिंचोके उरले. उत्तर −३. वहीतलं −१३ का चुकलं, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. तेरा वस्तू ताटात होत्या खऱ्या, पण त्या एकमेकांना खाऊन गेल्या. दोन-तीन अशी गणितं झाली की ‘मोठ्याचं चिन्ह’ या नियमामागे काय आहे ते दिसतं: ज्याची संख्या जास्त, तो शेवटी ताटात उरतो. दोन्ही बाजूंचे सारखे असले तर ताट रिकामं.

मग वजाबाकी. आधी सोपी: −५ − (−२). पाच चिंचोक्यांतून दोन चिंचोके काढ. उरले तीन चिंचोके, −३. इथे कसलीच अडचण नाही, आणि ऋण संख्या ‘काढून घेता’ येते ही गोष्ट हाताला कळली.

आता ३ − (−२). ताटात तीन वाल आहेत. यातून दोन चिंचोके काढायचे. मूल थबकतं, “पण चिंचोके नाहीतच!” इथे घाई करू नका. चहा घ्या. मूल कधी तुमच्या तोंडाकडे बघेल, कधी ताटाकडे. बरीच मुलं म्हणतात, “मग हे गणित होतच नाही.” तेव्हा विचारा, “ताटाची किंमत न बदलता त्यात चिंचोके आणता येतील का?” काहींना लगेच सुचतं, काहींना दुसऱ्या दिवशी. जोडीची किंमत शून्य, म्हणजे हव्या तेवढ्या जोड्या ताटात टाकल्या तरी किंमत तीनच राहते. दोन जोड्या टाका. आता ताटात पाच वाल आणि दोन चिंचोके. किंमत अजून तीनच. आता दोन चिंचोके उचला. उरले पाच वाल. ३ − (−२) = ५.

एखादं चौकस मूल इथे अडून बसतं: “दोन जोड्या मधूनच कुठून आणल्या? ही तर चीटिंग आहे.” फार चांगला प्रश्न आहे, त्याला गप्प करू नका. त्याच्या हातातच जोड्या द्या आणि ताटात टाकायला सांगा, काढायला सांगा, पुन्हा टाकायला सांगा, आणि दर वेळी ताटाची किंमत विचारा. शून्य मिळवल्याने काही बदलत नाही, ही गोष्ट मुलाने पहिलीत ऐकलेली असते. तिचा उपयोग त्याला पहिल्यांदा इथे दिसतो.

वरच्या वहीतलं पहिलं गणितही याच ताटात करा. −३ − ४. ताटात तीन चिंचोके, काढायचे आहेत चार वाल. वाल नाहीत. मग चार जोड्या आणा, चार वाल उचला. उरले सात चिंचोके, −७. ‘मायनस मायनस प्लस’ म्हणणाऱ्या मुलाला ताटात सात काळे चिंचोके दिसतात आणि प्लस कुठेच दिसत नाही.

अशी गणितं रोज चार-पाच, याहून जास्त नकोत. काही दिवसांनी मूल ताटाकडे न बघता म्हणतं, “चिंचोके काढले की तेवढे वाल वाढतात की! आणि वाल काढले की चिंचोके.” हा तो क्षण. पुस्तकात हेच वाक्य भारदस्त कपडे घालून येतं: एखादी संख्या वजा करणे म्हणजे तिची विरुद्ध संख्या मिळवणे. मुलाने ते स्वतः शोधून काढलं तर ते त्याचं होतं. आपण आधी सांगितलं तर ते आपलंच राहतं, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री परत मागायला येतं.

मोठ्या मुलांना, म्हणजे आठवी-नववीतल्या भावंडांना, जेईई मेन आणि नीटच्या गुणपद्धतीचं उदाहरण चटकन पटतं. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला −१. समजा अशाच गुणपद्धतीच्या एका सराव परीक्षेत एकाचे एकूण २० गुण झाले. नंतर कळलं की एक प्रश्नच सदोष होता म्हणून तो रद्द झाला, आणि त्यासाठी कापलेला −१ काढून टाकला. आता गुण किती? एकवीस. २० − (−१) = २१. शिक्षा काढून घेतली म्हणजे फायदा झाला, यात समजावण्यासारखं काही उरत नाही.

संख्यारेषेवर चालण्याचा खेळही छान आहे. घरातल्या फरश्यांवर खडूने −१० ते १० लिहा. बेरीज असेल तर तोंड उजवीकडे, वजाबाकी असेल तर डावीकडे. धन संख्या असेल तर पुढे चाला, ऋण असेल तर तोंड न वळवता मागे. ५ − (−३): पाचवर उभं राहा, डावीकडे तोंड करा, तीन पावलं मागे. आठवर येता. धाकट्या भावंडांनाही यात घ्या, त्यांना मागे चालायला फार आवडतं. फक्त दोन्ही खेळ एकाच दिवशी खेळू नका.

आता सातवी. सातवीत पूर्णांकांचा गुणाकार-भागाकार येतो आणि तिथे घराघरांतला आवडता दाखला, कर्जाचा, तोंडघशी पडतो. बेरजेपर्यंत उधारी उत्तम चालते. किराणावाल्याचं पन्नास देणं, वीस फेडले, तीस देणं राहिलं. तीन दुकानांत प्रत्येकी वीस रुपयांची उधारी म्हणजे एकूण साठची उधारी, ३ × (−२०) = −६०, हेही बसतं. पण उधारी गुणिले उधारी? फ्रेंच कादंबरीकार स्तांदाल लहानपणी गणितात हुशार होता. त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की ऋण गुणिले ऋण धन का, हे त्याला एकाही शिक्षकाने पटवून दिलं नाही. त्याची शंका साधी होती: दहा हजार फ्रँकच्या कर्जाला पाचशे फ्रँकच्या कर्जाने गुणलं तर माणूस पन्नास लाखांचा धनी कसा होईल? शिक्षकांनी उडवाउडवी केली. पोरगं पन्नाशीला आलं तरी तो राग विसरलं नाही. त्याचा प्रश्न चोख होता, चुकत होता तो दाखला. रुपयांना रुपयांनी गुणत नाहीत, धन असोत की ऋण.

म्हणून सातवीत कर्ज बाजूला ठेवा आणि पाढा मांडा. ऋण दोनचा पाढा, पण उलटा:

३ × (−२) = −६
२ × (−२) = −४
१ × (−२) = −२
० × (−२) = ०

इथवर सगळ्यांना मान्य. आता मुलाला विचारा, दर ओळीत उत्तराचं काय होतंय? दोनाने वाढतंय. डावीकडचा आकडा काय होतोय? एकाने कमी. मग पुढच्या ओळीत डावीकडे काय येईल? −१. आणि उत्तर? शून्यात दोन मिळवून २. (−१) × (−२) = २, (−२) × (−२) = ४. कुणी फर्मान काढलं नाही. पाढा ज्या चालीने येत होता त्याच चालीने शून्याच्या पलीकडे गेला.

ज्यांच्या घरी ‘पण चाल तशीच का चालू ठेवायची?’ असं विचारणारं कार्टं आहे (असलं तर नशीब समजा), त्यांच्यासाठी आणखी एक पायरी. २ + (−२) शून्य आहे. त्याला −३ ने गुणलं तर उत्तर शून्यच यायला हवं. आता कंस सोडवा: (−३) × २ झाले −६, आणि त्यात (−३) × (−२) मिळवून शून्य व्हायला हवं. −६ मध्ये काय मिळवलं की शून्य होतं? ६. म्हणजे (−३) × (−२) हे ६ च असलं पाहिजे. नाहीतर कंस सोडवण्याचा नियमच मोडतो, आणि तो मोडला तर पुढचं सगळं बीजगणित कोसळतं. सातवीच्या मुलाला हे समजतं. मोठ्यांनाच कधीकधी दोनदा वाचावं लागतं. भागाकाराचं वेगळं काही सांगायला नको. गुणाकार उलटा वाचला की तो मिळतो.

‘मायनस मायनस प्लस’ मी कायमचं बंद करा म्हणत नाही. पुढे बैजिक राशी आल्या की झपाट्याने चिन्हं उरकावी लागतात, तेव्हा ते तोंडावर असलेलं बरं. फक्त ते पाढ्यानंतर यावं, ताटातल्या चिंचोक्यांनंतर यावं, आणि मुलाला माहीत असावं की ते गुणाकाराचं वाक्य आहे, बेरजेचं नाही.

आणखी एक सांगते. उत्तर ऋण आलं की पुष्कळ मुलं ते खोडून धन करतात. ‘असं कसं असेल?’ म्हणून. कधी ते बरोबरही असतं, आणि कुठे बरोबर, कुठे नाही, हे भास्कराचार्यांइतकं सुंदर कुणी दाखवलं नाही. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याचा शिलालेख आहे, म्हणजे हे आपल्या खानदेशातलंच घर. त्यांच्या ‘लीलावती’त एक त्रिकोण आहे. दोन बाजू १० आणि १७, पाया ९. शिरोबिंदूतून खाली लंब टाकला तर पायाचे दोन तुकडे किती लांबीचे होतील? गणित केलं तर एक तुकडा १५ येतो आणि दुसरा −६. पाया तर अवघा नऊचा! भास्कराचार्य उत्तर खोडत नाहीत. ते सांगतात, ऋण आलं म्हणजे तो तुकडा उलट दिशेला आहे. लंब पायावर पडतच नाही, पायाच्या बाहेर पडतो. कागदावर काढून बघा. लंब आठ येतो, आणि ६-८-१० व ८-१५-१७ असे दोन काटकोन त्रिकोण अलगद सापडतात. सातवी-आठवीच्या मुलासोबत रविवारची सकाळ घालवायला याहून चांगलं गणित मला माहीत नाही.

आणि त्याच भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त माकडांचं एक उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत गेली, आणि एक फांदीवर दिसलं. एकूण किती? उत्तरं दोन येतात, ५० आणि ५. पाचचा पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन गेले तर ऋण दोन माकडं उरतात. वर्ग केला की चार होतात आणि आकडेमोड जुळते, तरी भास्कराचार्य हे उत्तर घेत नाहीत, कारण ऋण माकडं लोकांना पटत नाहीत. रेषेवर ऋणाला दिशा आहे, म्हणून तिथे ते ठेवायचं. माकडांना ती नाही, म्हणून तिथे नाकारायचं. तुमच्या मुलाने उत्तर ऋण आलं म्हणून खोडलं तर त्याला एवढंच विचारा: इथे उलट बाजू आहे का? तापमानाला आहे, मजल्यांना आहे, नफ्या-तोट्याला आहे. वर्गातल्या मुलांच्या संख्येला नाही.

वेगाचा आग्रह तेवढा सोडा. मिनिटाला किती गणितं, हे क्लासवाल्यांना हवं असतं. त्यांना जाहिरात करायची असते. पूर्णांकांच्या धड्यात हळू जाणारं मूल बहुतेक वेळा विचार करणारं मूल असतं. त्याला ‘किती आलं?’ विचारण्याआधी ‘धन येईल की ऋण?’ एवढं विचारा. आकडा नंतर काढू दे. चिन्हाचा अंदाज आधी बांधायची सवय लागली की निम्म्या चुका कागदावर उतरण्याआधीच सापडतात.

शेवटी एक मागणं, आणि ते माझ्यासारख्या सगळ्या गणिताच्या बाईंकडून आणि सरांकडून आहे असं समजा. गृहपाठाच्या वहीतली चुकलेली उत्तरं घरी खोडून दुरुस्त करून देऊ नका. −३ − ४ = ७ असं लिहिलेलं मला दिसलं तर मूल कुठे अडलंय ते कळतं आणि दुसऱ्या दिवशी फळ्यासमोर मी तिथूनच सुरू करू शकते. वहीत सगळं बरोबर असलं की मी धडा पुढे नेते, आणि तुमचं मूल मागे राहतं. तेव्हा चूक तशीच राहू द्या. पेन्सिलीने बाजूला एक प्रश्नचिन्ह काढा आणि वही शाळेत पाठवा.